वेस ओलांडायची वेळ आधी ठरवा

पत्र : माझे आई-बाबा अकोल्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे आले आहेत. बाबा सत्तर वर्षांचे, रोज चार किलोमीटर चालतात. आई सहासष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, पायऱ्या झेपत नाहीत. आम्ही दोघं आणि दहा वर्षांची मुलगी. स्वतःची गाडी नाही. गेल्या रविवारी गाडी भाड्याने घेऊन शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि भीमाशंकर एका दिवसात करायला निघालो. सकाळी नऊला निघून चाकणमध्येच दीड तास गेला. आई लेण्याद्रीच्या पायथ्याशी बसून राहिली, भीमाशंकर झालंच नाही, रात्री साडेअकराला घरी आलो. आता आई म्हणते, कुठेच नको. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते इथे आहेत. मला कामाच्या दिवशी एक रजा मिळू शकते. पुण्याहून एका दिवसात होतील अशा सहली आखून द्याल का? आईला जेजुरीची फार इच्छा आहे.
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

नमस्कार.

चाकणला गाडी अडकली नसती तरी तुमची सहल पूर्ण झाली नसती. पुणे ते जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर, तिथून लेण्याद्री सहा-सात, लेण्याद्रीहून ओझर पंधरा. ओझरहून मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकर सत्तर-ऐंशी आणि भीमाशंकर ते पुणे एकशे दहाच्या आसपास. म्हणजे तीनशे किलोमीटर. गाव, बाजार, घाट धरून ताशी चाळीसचा वेग पडला तरी साडेसात तास नुसते गाडीत. शिवनेरी सात दरवाजे चढून बघून उतरायला अडीच ते तीन तास, लेण्याद्रीला दीड, ओझरला पाऊण, भीमाशंकरला रविवारची रांग धरून दोन. त्यात जेवण आणि चहा मिळवा. पंधरा-सोळा तासांचा बेत तुम्ही नऊ वाजता सुरू केलात. नकाशावर ही ठिकाणं एकाच कोपऱ्यात दिसतात, पण जुन्नर कुकडीच्या खोऱ्यात आणि भीमाशंकर भीमेच्या उगमाशी. मधल्या डोंगररांगांना वळसा घालूनच जावं लागतं.

पुण्याच्या सहलीचा हिशोब ठिकाणापासून नाही, वेशीपासून मांडायचा. शहराच्या प्रत्येक वाटेवर एक अडणारी जागा आहे. नाशिकच्या वाटेवर भोसरीपासून मोशी आणि चाकणचे चौक, नगरच्या वाटेवर वाघोली, सोलापूरच्या वाटेवर हडपसर ते लोणी काळभोर, साताऱ्याच्या वाटेवर नवले पूल, मुळशीकडे चांदणी चौकानंतर भूगाव-पिरंगूट. सकाळी साडेसहाच्या आत ही जागा ओलांडली तर वीस मिनिटं लागतात, साडेआठनंतर तिथेच तास जातो. चाकणला तर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर आठवडाभर असतात आणि रविवारी त्यांच्या जोडीला सहलीच्या गाड्या येतात.

घर कुठे आहे यावर दिशा निवडायची ती याचसाठी. तुम्ही कर्वेनगरला. वारज्याला पाच-दहा मिनिटांत महामार्गाला लागता, म्हणून साताऱ्याची दिशा तुम्हाला सर्वांत स्वस्त पडते. नाशिक आणि नगरच्या दिशा सर्वांत महाग, कारण आधी अख्खं शहर आडवं कापावं लागतं. विमाननगरच्या माणसाला हेच उलट सांगावं लागेल.

परतीचाही तोच नियम, किंबहुना जास्त कडक. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ सगळं शहर घरी येत असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. दिवस उलटा आखा. चारच्या आत वेशीवर परत यायचं, म्हणजे ठिकाणावरून कधी निघायचं, म्हणजे तिथे किती तास मिळतात, आणि तेवढ्यात काय बसतं. एक मुख्य ठिकाण आणि त्याच वाटेवरचं एखाद-दुसरं छोटं, एवढंच बसतं. घरापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे जायचं असेल तर मुक्कामच करावा, विशेषतः आईंना घेऊन.

तुमच्यासाठी तीन सहली सुचवतो. दोन सगळ्यांसाठी, एक आईंना सोडून. तिसरीबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पायथ्याशी चार तास बसवण्यापेक्षा घरी आराम केलेला त्यांनाही बरा.

रजेचा दिवस वाईसाठी ठेवा. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी याच रस्त्याने वाईतून पसरणी घाटाला लागते. मंगळवार ते गुरुवार रस्ता मोकळा असतो. सहाला वारज्याहून निघालात तर नवा कात्रज बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, शिरवळ, खंबाटकी घाट असं करत सुरूरला महामार्ग सोडून आठ-सव्वाआठला वाईत पोचता. तिथे आधी नाश्ता. वाटेत शिरवळच्या आसपास एकदा थांबा. तिथे मोठ्या हॉटेलांत बरी स्वच्छतागृहं मिळतात, पुढे ती खात्री नाही.

वाईत कृष्णेच्या काठावरचा ढोल्या गणपती, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेला. पायऱ्या नावापुरत्या. गाभाऱ्याची मागची भिंत नदीच्या बाजूला माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. मुलीला ही भिंत मागे नेऊन दाखवा, कारण समोरून ती दिसत नाही आणि बहुतेक लोक न बघताच जातात. घाटावर अर्धा तास बसा. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, हेही तिला सांगा.

तिथून मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे. आधी कुणाकडून तरी उघडा असल्याची खात्री करून घ्या. राखणदार जागेवर नसेल तर थोडं थांबावं लागतं. वाड्यातल्या चौकांत, ओसरीवर आईंना आरामात बसता येतं. मागे कृष्णेवरचा घाट आणि मेणवलेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या लहानशा घुमटीत टांगलेली मोठी घंटा पोर्तुगिजांची आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली. घाटाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, आईंनी वरूनच नदी बघावी. मेणवलीला दीड तास धरा. वेळ उरला तर धोमचं नृसिंहाचं देऊळ, पुढे सात-आठ किलोमीटरवर. तिथे पाण्याच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप आहे. साडेअकरा वाजून गेले असतील तर धोम सोडून द्या. जेवण वाईत, आणि एक-दीडला परतीला लागा.

परतताना घाट चढावा लागत नाही, बोगद्याने येता. खरी काळजी शेवटच्या टप्प्याची आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. अवजड गाड्यांचे ब्रेक तिथे तापून निकामी होतात आणि मोठे अपघात होतात. चालकाला आधीच सांगा, खालचा गिअर ठेव आणि ट्रकच्या पुढे किंवा मागे चिकटून जाऊ नकोस. कुणाला त्याचा राग आला तरी चालेल.

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर याच दिवशी जोडायचा मोह होईल, कारण वाईहून ती फार दूर नाही. पण विहिरीत उतरायच्या पायऱ्या आहेत, आणेवाडीचा आणखी एक टोल आहे आणि दोन तास जातात. ती साताऱ्याच्या सहलीत ठेवा.

दुसरी सहल थेऊर, भुलेश्वर आणि सासवड. ही शनिवारी करा. गाडी सोलापूर रस्त्याने न्यायची आणि सासवडवरून आणायची. कर्वेनगरहून हडपसर गाठायलाच पाऊण तास लागतो, त्यामुळे इथे साडेपाचला निघणं भाग आहे. थेऊरला पावणेसात-सातला पोचता. अष्टविनायकांतला चिंतामणी, सपाट जागेवर, आईंना अगदी सोयीचा. लेण्याद्रीला हुकलेलं गणपतीचं दर्शन इथे निवांत होईल. थोरल्या माधवरावांचा शेवट इथेच, १८ नोव्हेंबर १७७२ ला झाला. नदीकाठी रमाबाईंच्या सतीचं स्मारक आहे. संकष्टी चतुर्थीला मात्र थेऊरला जाऊ नका.

थेऊरहून पुन्हा महामार्गावर येऊन उरुळी कांचन, यवत. यवतच्या पुढे उजवीकडे वळून दहाएक किलोमीटरवर डोंगरावर भुलेश्वर. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. बाहेरून ही इमारत देवळासारखी दिसतच नाही. उंच भिंत, घुमटाच्या घाटाचे मिनार, आणि आत शिरल्यावर देऊळ वरच्या पातळीवर, तिथे जायला एक अंधारा, अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना. पायऱ्या थोड्याच आहेत, पण आईंच्या पुढे एक आणि मागे एक माणूस हवा आणि विजेरी हवी. मोबाइलचा उजेड चालतो, पण तो धरणारा हात आईंना आधार देऊ शकत नाही, म्हणून डोक्याला बांधायची विजेरी मिळाली तर बघा. त्यांना जमत नसेल तर बाहेरच्या आवारात सावलीत बसता येतं.

वर गेल्यावर प्रदक्षिणेच्या बोळात चालताना भिंती सावकाश बघा. यादवकाळातलं, काळ्या बेसाल्टमधलं हे कोरीवकाम पुण्याच्या इतक्या जवळ आहे आणि तरी फार थोड्या पुणेकरांनी पाहिलं आहे, याचं वाईट वाटतं. पुष्कळ मूर्ती फोडलेल्या आहेत. पण स्त्रीरूपातला गणपती, वैनायकी, शाबूत आहे. मूर्ती लहान आणि वरच्या बाजूला आहे, त्यामुळे पुजाऱ्यांना किंवा तिथल्या माणसाला विचारा, ते दाखवतात. दीड-दोन तास सहज जातात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडली तर शांतता असते. वर खायला फारसं मिळत नाही. दशम्या, ठेचा, दही असं घरून न्या आणि उतरताना एखाद्या झाडाखाली जेवा. माकडं असतात. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ती अंगावर येतात, डबे पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा.

तिथून माळशिरसवरून आतल्या रस्त्याने सासवड तासाभरावर. इथलं माळशिरस म्हणजे पुरंदर तालुक्यातलं लहान गाव. मोबाइलच्या नकाशात नुसतं नाव टाकलंत तर तो तुम्हाला सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसला नेईल, म्हणून भुलेश्वर ते सासवड असाच मार्ग घाला. सासवडला सोपानदेवांची समाधी आणि संगमावरचं संगमेश्वराचं देऊळ. संगमेश्वराला पायऱ्या चढाव्या लागतात, समाधीला त्रास नाही. दोन्ही केलंच पाहिजे असं नाही. हंगाम असेल तर रस्त्याकडेला पुरंदरची अंजिरं मिळतात. पाटीच्या तळाची फळं बघून घ्या, वरची नेहमीच चांगली असतात. परतीला तुमच्यासाठी बोपदेव घाट जवळचा, कोंढव्यात उतरतो, तिथून कात्रज आणि वारजे. पण तो अरुंद आणि तीव्र वळणांचा आहे, उजेडातच करायचा. उशीर झाला तर दिवे घाटाने या.

आता जेजुरी. सासवडहून ती सोळा-सतरा किलोमीटरवर आहे, म्हणून याच दिवशी उरकून घेऊ असं वाटेल. तसं करू नका. गडाच्या पायऱ्या रुंद आहेत, टप्प्याटप्प्याला कमानी आणि दीपमाळा आहेत, बसत बसत चढता येतं, पण त्या शेकड्यांत आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त छळतं. वर गेल्यावर बरं वाटतं आणि त्रास खाली येताना सुरू होतो, तेव्हा परत फिरायचा मार्ग उरत नाही. आईंची इच्छा एवढी असेल तर जेजुरीसाठी वेगळा दिवस ठेवा, दुसरी रजा मिळाली तर कामाचा, नाहीतर शनिवार. पहाटे लवकर निघून आठच्या आत पायथ्याला, दुसरं काही न जोडता. दर वीस-पंचवीस पायऱ्यांना थांबा, हातात काठी असू द्या आणि पहिल्या टप्प्यानंतर पाय कसे आहेत ते विचारा. त्यांच्या डॉक्टरांनी पायऱ्या बंद सांगितल्या असतील तर पायथ्यावरूनच दर्शन घ्यायला लावा. रविवार, सोमवती अमावास्या आणि मार्गशीर्षातली चंपाषष्ठी टाळा. चंपाषष्ठी नोव्हेंबर-डिसेंबरातच येते, कॅलेंडर बघून घ्या. त्या दिवसांत पायऱ्यांवर भंडाऱ्याचा थर असतो आणि पाय घसरतो.

तिसरी सहल तुम्ही, बाबा आणि लेक, लोकलने. शिवाजीनगरहून सकाळची पहिली किंवा दुसरी लोणावळा लोकल धरून मळवलीला उतरायचं, साधारण सव्वा तास. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, त्याआधीची लोकल हवी असेल तर रिक्षाच करा. परतीचं तिकीट सकाळीच काढा. दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, म्हणून मळवलीहून परतीच्या गाड्यांच्या वेळा आदल्या रात्री रेल्वेच्या अॅपवर बघून कागदावर लिहून घ्या. हे न करणारे लोक फलाटावर दोन-दोन तास बसलेले दिसतात.

मळवलीहून भाजे गाव, पुढे गायमुख खिंडीतून लोहगडवाडी. पायी दोन ते अडीच तास. बाबा चालतात म्हणता, पण त्यांचं चालणं सपाटीचं आहे. जाताना लोहगडवाडीपर्यंत रिक्षा किंवा जीप करा आणि येताना पायी उतरा. भाडं चढण्याआधी ठरवा. लोहगड पायऱ्यांचा, सर्पाकार वाटेने एकामागून एक गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. त्यामुळे सुट्टीला गर्दी आणखी वाढली आहे. नऊ-सव्वानऊला दारात असाल तर चांगलं. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या माचीच्या टोकापर्यंत, जाऊन यायला वरची दीड तासाची चाल धरा. टोकाच्या थोडं अलीकडे एक अवघड उतरण आहे, बाबांनी आणि मुलीने तिथवरच जावं.

उतरताना दुपारी भाजे लेणी. हा क्रम मुद्दाम असा आहे. चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी आत अंधार असतो आणि दुपारनंतर उजेड आत शिरतो. मग छताच्या लाकडी फासळ्या नीट दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड. खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण कोरणाऱ्यांसमोर लाकडी इमारतीचा नमुना होता. दगडाला तशा कलाची गरज नव्हती. मुलीला हे विचारा, ती स्वतः शोधून काढेल. दक्षिणेच्या टोकाला लहानशा विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. बरेच लोक तिथपर्यंत चालत जात नाहीत. तिकीट मोठ्यांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. लेणी पाचला बंद होतात.

कार्ले लेणी रेल्वेच्या दुसऱ्या बाजूला आहेत. भाजे आणि कार्ले एकाच दिवशी होऊ शकतात, पण मग लोहगड नाही. आणि कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, रविवार-मंगळवारी तर चैत्याच्या दारातच रांग.

माणशी दीड-दोन लिटर पाणी न्या. अत्तर, सुवासिक तेल लावून गडावर जाऊ नका आणि कड्याजवळ मोठ्याने आरडाओरडा नको, आग्यामोहळाच्या माशा उठतात. उठल्याच तर हात झाडू नका, डोकं आणि चेहरा झाकून तिथून दूर व्हा.

गाडी भाड्याने घेताना मागच्या वेळी पाचजण आणि चालक लहान गाडीत बसला असाल, तर निम्मा शीण त्याचाच. सात आसनी घ्या, आईंना पुढच्या सीटवर बसवा म्हणजे पाय लांब राहतो. भाडं ठरवताना बाहेरगावच्या दरात दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर लावतात. वाईला ते त्यातल्या त्यात वसूल होतं. भुलेश्वरचा फेरा दीडशे-पावणेदोनशेचा आहे, तिथे बारा तासांचं पॅकेज आणि वरचे किलोमीटर असा दर विचारा. किलोमीटर तुमच्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग कुणाकडे, हे सगळं मेसेजवर लिहून मागा. चालक रात्रपाळी करून आलेला नाही ना, हेही विचारा.

वाईला एसटीनेही जाता येतं, स्वारगेटहून. तुमच्या घरात हा हिशोब फार चांगला बसतो. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, मुलीचंही निम्मं. म्हणजे पाच माणसांत पूर्ण तिकीट फक्त तुमचं, एकूण तीन तिकिटांचे पैसे. बाबांचं आधार कार्ड बरोबर असू द्या. वाईहून मेणवलीला रिक्षा करा आणि परतीसाठी तीच थांबवून ठेवा.

तारखांत आणखी दोन खुणा करून ठेवा. कार्तिक वद्य एकादशीच्या आसपास आळंदीची वारी असते, तेव्हा मोशी-चाकणची बाजू पूर्ण टाळा. आणि तीन दिवसांची जोडसुट्टी आली की लोणावळ्याच्या लोकललाही पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा घरीच बरं.

पुढे पावसाळ्यात कुणी पाहुणे आले तर ही यादी जशीच्या तशी वापरू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, १५ जून २०२५ ला इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना पूल कोसळला. त्या महिन्यांत जिल्हा प्रशासन अनेक ठिकाणी बंदी घालतं, निघण्याआधी ती बघावीच लागते.

सुरुवात वाईपासून करा. आईंना आधी सांगा की पायऱ्या नावापुरत्याच आहेत आणि चारला घरी. आणि खरंच चारला घरी या. मग त्या दुसऱ्या सहलीला स्वतःहून तयार होतील.